बेबीनंदाचा तळतळाट

३ जानेवारी २००२, जाफराबाद

कंपनीची नवी डायरी आज हातात पडली. पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची जागा असते, ती भरली. तातेराव, वय एकोणपन्नास, बियाणे कंपनीत सुपरवायझर. एरवी हिच्यात मी फक्त प्लॉटच्या नोंदी करतो. कोणाच्या रानात नराच्या किती ओळी, मादीच्या किती, कोणत्या शेतकऱ्यानं पराग लावायला बायांना सकाळी उशिरा आणलं. यंदा घरातलंही लिहावं म्हणतो, कारण यंदा लेकीचं लग्न आहे. पुढं दहा वर्षांनी कोणी विचारलं की मांडवात काय काय झालं, तर बायकोला, उषाला, सगळं उलटंसुलटं आठवेल आणि मला काहीच आठवणार नाही.

बेबीनंदाचं, म्हणजे आमच्या बेबीचं, मार्गशीर्षात ठरलं. केदारखेड्याच्या भुजंगच्या संपतशी. भुजंग उषाचा सख्खा भाऊ आणि माझ्या मामाचा मुलगा. मी मामाची पोर केली, आता माझी पोर तिच्या मामाच्या घरी चालली. आमच्यात हे असंच. हक्काचं घर, जाणती माणसं, कोणाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. सुपारी फुटली, कुंकू लागलं, सोळा मे तारीख धरली.

बद्री असता तर मांडवाच्या मेढी त्यानंच रोवल्या असत्या. माझा एकोणीस वर्षांचा पोरगा दम्यानं गेला त्याला तीन वर्षं झाली. आज एवढंच.

९ जानेवारी

बेबीचं लक्षण मला ठीक दिसत नाही. नळावरून एक हंडा आणायचा तर वाटेत तीनदा खाली ठेवते. धाकटी द्वारका तिच्याहून दोन वर्षांनी लहान, ती दोन हंडे घेऊन हसत येते. उषा म्हणाली, "अशक्तपणा असंल." कसला अशक्तपणा? दोन वेळा भाकरी खाते, शेतात जायला नको, उन्हात उभं राहायला नको.

मला वेगळाच संशय आहे. पोरीला हे लग्न नको असावं. बारावीत नापास झाली तेव्हापासून तोंड मिटून बसते. संपतचं नाव निघालं की उठून आत जाते, आणि आत जाताना दाराची चौकट धरते, जसं काही कोणी ढकलतंय. आज स्पष्ट बोललो, "नखरे पुरे झाले. मामाचं घर हाये, फाशीचा दोर न्हाई." ती जोरजोरात श्वास घेत माझ्याकडं बघत राहिली. राग आला की ही असाच फुसफुसाट करते.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. तिळगूळ द्यायला बेबी वाकली तेव्हा तिचे ओठ निळे-काळे दिसले. "काय लावलं ओठाला?" विचारलं तर म्हणे, "काहीच न्हाई, आबा." पेनाची शाई चावत बसली असेल. वीस वर्षांची घोडी झाली तरी सवयी त्याच.

बोटांची टोकंही फुगीर झालीत. नखं गोल, पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली. मी उषाला दाखवलं. ती म्हणाली, "आपल्या बद्रीची अशीच व्हती, तुम्ही कधी बघितली न्हाई." घराण्याची ठेवण असेल. माझी नखं मात्र सपाट आहेत.

टमाट्याचे प्लॉट चांगले आहेत. पराग लावणाऱ्या बायांत चतुराबाईच्या टोळीनं एकही कळी चुकवली नाही.

४ फेब्रुवारी

वाईट झालं. ब्लाउजचं माप द्यायला बेबीला घेऊन उषा केदारखेड्याला गेल्ती. परत येताना बसच्या पायरीवर चढता चढता पोर कोसळली. लोकांनी उचलून झाडाखाली आणली. पाच मिनिटं शुद्ध नव्हती.

इथल्या डॉक्टरांनी आधी टीबी म्हणून थुंकी तपासायला सांगितली. त्यात काही निघालं नाही. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, दमा. ओढायचा पंप लिहून दिला. दमा हा शब्द ऐकल्यावर उषा बाकावर जी बसली ती उठेना. मी म्हणालो, "चल." तर म्हणाली, "तुम्हाला आयकू आलं ना काय म्हणले ते?" आलं ऐकू. माझे कान शाबूत आहेत. 

पोरीला मी महिनाभर नखरेल म्हणत होतो. लिहायला लाज वाटते, पण लिहून ठेवतो.

१९ फेब्रुवारी, औरंगाबाद

पंपानं तिळमात्र फरक पडला नाही म्हणून इथं मोठ्या दवाखान्यात आणलं. छातीच्या एक मॅडम आहेत, चाळिशीच्या, चष्मा, बोलायला सरळ. त्यांनी छातीवर यंत्र फिरवून इको काढला आणि माझ्यासमोरच दुसऱ्या डॉक्टरला हाक मारली. दोघंही पडद्याकडं बघत होते. कोणी हाक मारून दुसऱ्याला बोलावलं की समजावं, काहीतरी बिघडलंय. प्लॉटमध्ये मीही तेच करतो.

दमा नाही. फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीतला दाब वाढलाय. मी म्हणालो, "बीपी? पण ते तर दंडावर मोजतात, आणि हिचं तर कमी निघालं." मॅडम म्हणाल्या, "तो सगळ्या अंगाचा दाब. हा फक्त फुफ्फुसाचा. तो वीसच्या आसपास असावा लागतो. हिचा नव्वद आहे." चौपट! साडेचारपट! काळजाची उजवी बाजू त्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून फुगलीय. एक एक हंडा ती कशी आणत होती, देव जाणे.

या दाबावर गोळी असते, रक्तवाहिन्या सैल करणारी. काहींना ती लागू पडते. दवाखान्यात ठेवून उद्यापासून थोडी थोडी देणार आहेत. लग्नाचं विचारलं तर मॅडमनी मान हलवली. लग्न नाही, बाळंतपण तर मुळीच नाही.

२१ फेब्रुवारी

गोळी काल सुरू झाली. मी सकाळी बाहेरच्या बूथवरून केदारखेड्याच्या दुकानात फोन लावला, भुजंगला बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. सांगताना रडलो. वाटलं, आता सोयरीक तुटली, तोंड दाखवायला जागा नाही. तर भुजंग म्हणाला, "दाजी, रडता कामून? बेबीचा इलाज बराबर करा. तारीख मोडायची न्हाई. द्वारका हाये की. धाकटीला उभी करू."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. याला म्हणतात हक्काचं घर. परका असता तर पहिल्या हाकेला पाठ फिरवून गेला असता. मी तिथल्या तिथं शब्द दिला. जाफराबादला फोन लावून उषाला सांगितलं; तिनं द्वारकाला विचारलं तर ती लाजून आत पळाली म्हणे. बेबीला मीच सांगितलं. ती म्हणाली, "संपत चांगला हाये, आबा. तिला जपंल." माझ्या लेकीचं मन मोठं आहे, एवढं खरं.

२३ फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर मांडीवर डायरी धरून लिहितोय, अक्षर लागणार नाही.

काल दुपारी गोळीचा डोस वाढवला. चार वाजता बेबी म्हणाली, छातीत घरघरतंय. पाच वाजता ती उठून बसली, दोन्ही हातांनी कॉटची कड धरून. तोंडातून फेस आला. गुलाबी फेस. मी असला रंग माणसाच्या तोंडातून आलेला कधी पाहिला नाही. नर्स पळाली, मॅडम धावत आल्या, चप्पल एका पायात होती. तोंडाला मास्क, हातात सुया, मला बाहेर ढकललं. मी दाराच्या काचेला तोंड लावून उभा होतो आणि मनात एकच चाललं होतं, बरं करायलाच गोळी दिली ना? बरं करायलाच ना?

गोळी बंद केली. लघवीवाटे पाणी काढणारं औषध चढवलं. रात्री उशिरा तिनं डोळे उघडले.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमचं चुकत नाही. या गोळीनं फुफ्फुसात पाणी भरलं. असं फक्त एका आजारात होतं आणि तो मी आजवर पुस्तकातच वाचला होता. उद्या सिटी स्कॅन करू." त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता.

२७ फेब्रुवारी

आज मॅडमनी मला स्कॅनची फिल्म उजेडाला धरून समजावलं. गावाहून आलेल्या उषाला नको म्हणालो, मी एकटाच बसलो.

फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आणि तिथून रक्त परत काळजाकडं आणणाऱ्या बारीक शिरा वेगळ्या. नेहमीच्या आजारात नेणाऱ्या वाहिन्या आवळतात. बेबीच्या परत आणणाऱ्या शिरा आतून बुजत चालल्यात. पुढं वाट नाही म्हणून रक्त मागं तुंबतं आणि मागचा दाब चढतो. इकोवर दोन्ही सारखेच दिसतात. गोळीनं नेणाऱ्या वाहिन्या सैल केल्या, रक्ताचा लोंढा आत आला, आणि बाहेर पडायला दार नाही. मी म्हणालो, "म्हणजे खालची, पाणी काढणारी चारी गाळानं बुजलेली आणि आपण पाटाचं वरचं दारं मोकळं सोडलं. मग रान पाण्यानं उपळणारच." मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच."

दहा लाखांत एखाद्याला होतो म्हणे. औषध नाही. प्राणवायू आणि पाणी काढायची गोळी, तेवढ्यावर जितके दिवस जातील तितके. फुफ्फुस बदलणं आपल्याकडं होत नाही. वर्षभर, कदाचित कमी.

इथंच थांबलं असतं तर मी एवढंच दुःख घेऊन घरी गेलो असतो. पण त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं झालं होतं?" मी बद्रीचं सांगितलं. एकोणीस वर्षं, दम, निळे ओठ, तीच नखं. त्या लिहायच्या थांबल्या. "तुम्ही नवराबायको नात्यातले आहात का?" मी म्हणालो, आणि सवयीनं मान वर करूनच म्हणालो, "माझ्या सख्ख्या मामाची मुलगी."

त्या हळू बोलल्या. असा आजार भावंडांना झाल्याची मोजकी घरं लिहून ठेवलेली आहेत. नक्की कारण अजून कोणाला माहीत नाही. पण एका घरात दोन मुलं आणि आईबाप नात्यातले, तर दोष रक्तातून आलेला असावा. आईत लपलेला, बापात लपलेला, दोघांनाही त्रास नाही. दोन्हीकडून एकाच मुलात उतरला की मग दिसतो.

त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून कागदावर गोळे काढायला लागल्या. मी त्यांचा हात थांबवला. पंचवीस वर्षं मी दुसरं काय करतोय? एकाच घराण्याचं बी एकमेकांशी जुळवलं की लपलेला कमकुवतपणा चौथ्या-पाचव्या झाडात वर येतो, हे मी तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला बांधावर उभं करून शिकवलंय. म्हणून तर दोन वेगळ्या घराण्यांचे नर-मादी लावतो. लोक हसून म्हणायचे, तातेराव, झाडांच्या सोयरिकी तुमच्याइतक्या कोणी जुळवल्या नाहीत.

"धाकटीचं लग्न तिच्या मामाच्या मुलाशी ठरलंय," मी म्हणालो. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "धाकटीला आधी तपासायला आणा. तिला आजार नसला तरी तिच्यात आणि त्या मुलात तोच दोष लपलेला असू शकतो. मग त्यांच्या मुलांचं काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. बाहेरच्या घरात दिलीत तर बहुधा काही भीती नाही."

मी जिन्यात बसलो. 

१० मार्च, जाफराबाद

बेबीला घरी आणून आठवडा झाला. प्राणवायूचा काळा सिलिंडर पुढच्या खोलीत, तिच्या कॉटशेजारी. लोक बघायला येतात आणि बेबीऐवजी सिलिंडरकडंच बघतात.

द्वारकाचा इको चांगला आला. आज चांगला, दरवर्षी दाखवा म्हणाल्या. ती हॉलतिकीट मिळाल्यासारखी नाचत बाहेर आली. लग्नाच्या साडीला हिरवा रंग हवा म्हणते. संपतचं नाव ती घेत नाही, पण केदारखेड्याच्या विहिरीचं पाणी किती गोड आहे ते रोज सांगते.

मी अजून कोणालाच काही सांगितलेलं नाही.

१९ मार्च

मनात दोन बैल दोन बाजूंना ओढतात. लग्न होऊ दिलं तर उद्या द्वारकाच्या मांडीवरचं लेकरू असंच निळं पडेल आणि मला आधीपासून माहीत असेल. मोडलं तर भुजंग कारण विचारणार. खरं कारण सांगितलं की संध्याकाळपर्यंत चार गावांत होणार, त्यांच्या घरात रक्ताचा रोग आहे, एक पोरगा गेला, एक पोरगी चाललीय. मग द्वारकाला कोण दारात उभं करील? आणि उषाला बाया काय म्हणतील? दोष दोघांचा असला तरी बोट बाईच्या कुशीकडंच जातं.

खोटं कारण सांगावं तर भुजंग तसा सोडणारा नाही. आणि शब्द मी दिलेला.  प्लॉटवर आज एक भेसळीचं झाड माझ्या नजरेतून सुटलं, चतुराबाईनं दाखवलं.

२६ मार्च

आज उषाला सांगितलं. दुपारी पुढच्या ओट्यावर बसलो होतो. द्वारका शिवणाच्या क्लासला गेल्ती. बेबी आत उशांना टेकून, डोळे मिटून, गाढ निजली होती. दोनदा डोकावून खात्री केली.

उषानं सगळं ऐकलं. गहू निवडत होती, हात चालूच होते. मी संपल्यावर म्हणाली, "म्हंजी बद्री बी त्याच्यानंच गेला?" मी हो म्हणालो. "आन् आपलं लगीन झालं नसतं तर?"  आमचं सत्तावीस वर्षांचं लग्न. भांडणं झाली, पण एक दिवस तिनं मला उपाशी झोपू दिलं नाही.  ती पदर तोंडात कोंबून रडली, आवाज न करता.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "द्वारकाच्या लेकरांना व्हईलच असं न्हाई ना म्हणल्या डॉक्टरीण?" मी म्हणालो, व्हईलच असं नाही. "मंग गप ऱ्हावा. तोंड उघडलं तर पोर जन्मभर घरात बसंल. देवावर सोडा." मीही हेच ऐकायला बसलो होतो बहुतेक. ठरलं, कोणाला काही सांगायचं नाही. लग्न होईल.

मी घाबरट माणूस आहे. इतकी वर्षं मला तसं वाटत नव्हतं.

४ एप्रिल

आज जे घडलं ते लिहिल्याशिवाय मला घास जाणार नाही.

भुजंग, त्याची बायको आणि संपत बस्ता घेऊन आले. हिरवा शालू द्वारकासाठी. ओट्यावर भाऊकीतले पाच-सहा जण होते, चहा झाला, द्वारकाला पाटावर बसवायचं चाललं होतं. एवढ्यात आतून बेबीनं हाक मारली, "मामा, समदे इकडं या. मला बोलायचंय." आम्हाला वाटलं, पोर आशीर्वाद देणार. मी तर भुजंगला म्हणालोही, बघ माझ्या लेकीचं मन.

तिनं नाकातली नळी काढून हातात धरली. दोन शब्द, एक श्वास, असं करत बोलली. पण एकेक शब्द ठासून. "माह्या नावानं सुपारी फुटलीय. संपतच्या नावाचं कुंकू माह्या कपाळाला लागलंय. म्या जिती हाये अजून. माही बहीण त्याच्या संगं उभी राह्यली तर माहा तळतळाट लागंल. म्या मेले तरी सोडायची न्हाई. त्या घरात पाळणा हलायचा न्हाई."

मामीनं कान झाकले. मागं उभी असलेली द्वारका दारातच खाली बसली. संपत खाली बघत उभा. मी बेबीजवळ गेलो, म्हणालो, "तुला कळतंय का काय बोलून राह्यली ते?" ती म्हणाली, "कळतंय. परत म्हणू?"

भुजंगनं शालू गुंडाळला. जाताना एवढंच म्हणाला, "दाजी, मरणाऱ्याच्या तोंडचा सबूद हाये. ह्यो आपल्याला पचायचा न्हाई. माहं एकुलतं एक पोर हाये." कोणी त्याला अडवलं नाही. अडवणार कोण? ज्याच्या डोक्यावर असा शाप तो मांडव कोण घालील?

मी वीस वर्षं या पोरीला अंगाखांद्यावर वाढवली आणि आज मला ती ओळखू आली नाही. मरणाच्या दारात बसून माणूस इतकं खुनशी होतं? सख्ख्या बहिणीच्या ताटात माती कालवली! आजारापेक्षा मला या गोष्टीचा धक्का जास्त बसला, हे लिहिताना लाज वाटत नाही.

आणि उषाला काय झालंय तेही कळत नाही. एवढं सगळं झाल्यावर संध्याकाळी ती बेबीच्या डोक्याला तेल घालत बसली. मी ओरडलो तरी उठली नाही.

७ एप्रिल

गावभर झालं. नळावर बाया म्हणतात, धाकटीचं सुख थोरलीला पाहवलं नाही. रोगाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, सगळा बोल बेबीला. तातेराव बिचारा, द्वारका बिचारी.

द्वारका बेबीशी बोलत नाही. तिचं ताट नेत नाही, पाणी देत नाही, तिच्या खोलीतून जायचं असलं तर मागच्या दारानं फिरून जाते. मी तिला काही म्हणत नाही. मीही तीन दिवस बेबीशी बोललेलो नाही.

एक गोष्ट मात्र मनात येते आणि मी ती झटकतो. लग्न मोडलं. जे मला जमलं नसतं ते झालं. पण अशा रीतीनं? देव असली वाट काढतो का?

११ एप्रिल

आज बाजार. उषा आणि द्वारका भाजीला गेल्या. घरात मी आणि ती.

तिचा श्वास आज फार चढला होता. पाय सुजलेत, गळ्याची शीर टरारून वर आलीय. राग होता, पण बाप आहे. म्हटलं, "बस झालं बसणं. उशा काढतो, जरा आडवी हो. त्या दिवशी दुपारी कशी गाढ निजली व्हतीस." आणि उशी काढायला वाकलो.

तिनं माझं मनगट धरलं. "आडवं झालं की बुडाल्यासारखं व्हतं, आबा. संक्रांतीपासून म्या धड निजली न्हाई. डोळे मिटून बसते, एवढंच. तुम्हाला बघून बरं वाटावं म्हणून."

मी उशी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. संक्रांतीपासून. म्हणजे दवाखान्यात. म्हणजे रात्री मी आणि उषा कुजबुजायचो तेव्हा. म्हणजे त्या दुपारी, ओट्यावर, मी दोनदा डोकावून बघितलं तेव्हासुद्धा.

"तू आयकलंस," मी म्हणालो.

ती थोडी हसली. बोलायला तिला बराच वेळ लागला. "तुम्हाला सांगता येत न्हवतं. मायला बी न्हाई. रोगाचं नाव निघालं असतं तर द्वारका घरात बसली असती. तळतळाटाला काय, तो माह्या संगं जाईल." मग श्वास घेऊन म्हणाली, "तिला लांबचं एखादं बरं घर बघा. आन् तिला कधी सांगू नका. ती रडत बसंल. रुसलेली बरी."

मी तिच्या पायाशी बसलो. तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले.  मी म्हणालो फक्त, "गाव तुला खुनशी म्हणतं गं." ती म्हणाली, "म्हणू द्या. मला कुठं लग्नाला उभं राह्यचंय?"

संध्याकाळी त्या दोघी बाजारातून आल्या. बेबीनं पाणी मागितलं. द्वारकानं तांब्या भरला, खोलीच्या दारापर्यंत आली आणि आत न बघता माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुम्हीच द्या तिला."

मी दिला. द्वारकाला काही सांगितलं नाही.